धाकट्याच्या प्रवेशाविषयी आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई व बाबा यांना साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

बेंगळुरूच्या कॉलेजात धाकट्याला मॅनेजमेंट कोट्यातून मेकॅनिकलची जागा मिळते आहे आणि त्यासाठी येळ्ळूरचे राहते घर बँकेकडे तारण ठेवायची तयारी आहे, असे बाबांनी फोनवर सांगितले. त्या वेळी समोर ग्राहक बसलेले असल्यामुळे मला नीट बोलता आले नाही, आणि हा विषय घाईने उरकण्याजोगाही नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. माझे मत असे आहे की ती जागा घेऊ नये आणि घराला हात लावू नये.

बाबांच्या मनात काय आहे ते मी जाणते. सीमाभागातल्या मराठी मुलाला नोकरीच्या बाजारात आधीच दोन पावले मागून सुरुवात करावी लागते, तेव्हा निदान कॉलेजचे नाव तरी त्याच्या पाठीशी असावे, ही त्यांची भावना खरी आहे. नावाला किंमत असते, हेही मी नाकारत नाही. चांगल्या कॉलेजात हुशार सोबती मिळतात, कंपन्या दारात येतात. परंतु ते नाव कोणत्या शाखेमुळे झाले, हे विचारल्याशिवाय त्याची किंमत ठरवता येत नाही. त्या कॉलेजचा लौकिक प्रामुख्याने कॉम्प्युटरचा आहे आणि आपल्या मुलाला जागा मिळते आहे मेकॅनिकलची. त्यांच्या माहितीपत्रकात सर्वांत मोठे पॅकेज ठळक अक्षरांत छापले आहे, पण मेकॅनिकलच्या किती मुलांना मेकॅनिकलचीच नोकरी लागली आणि पगाराच्या क्रमाने लावल्यास मधोमध येणाऱ्या मुलाचा पगार किती, याबद्दल त्यात एक ओळही नाही. तांत्रिक अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणाऱ्या एनबीए या मंडळाचे मानांकनही सबंध कॉलेजला नसते, प्रत्येक अभ्यासक्रमाला वेगळे असते, त्यामुळे तेही शाखेपुरतेच विचारावे लागते. शिवाय ते कॉलेज व्हीटीयूला, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाला, संलग्न आहे, तेव्हा चार वर्षे बेंगळुरूत काढून शेवटी पदवी मिळणार ती 1998 साली स्थापन झालेल्या आणि आपल्या शेजारच्या मच्छेत मुख्यालय असलेल्या विद्यापीठाचीच.

आता कर्जाचे सांगते, कारण माझ्या टेबलावर रोज हेच अर्ज येतात. दरवर्षी 3 लाख याप्रमाणे चार वर्षांत 12 लाखांचे कर्ज घेतले आणि व्याजाचा दर 10 टक्के धरला, तर शिक्षणाची चार वर्षे आणि पुढचे सवलतीचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, पण व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत राहते. सरळव्याजाने ते 4 लाख 20 हजार होते. हप्ता सुरू होतो तेव्हा डोक्यावर 16 लाख 20 हजार असतात आणि दहा वर्षांच्या मुदतीला दरमहा सुमारे 21,400 रुपये भरावे लागतात. एकूण परतफेड पावणेसव्वीस लाखांच्या घरात जाते. नव्या मेकॅनिकल इंजिनिअरला 25 हजार पगार मिळाला, तर हप्ता भरून त्याच्या हातात साडेतीन हजार उरतील. अशा पगारावर बेंगळुरूत खोलीचे भाडेही निघत नाही. मग तो हप्ता बाबांच्या भातावर येईल, कारण अर्जावर सहकर्जदार म्हणून सही त्यांची असेल.

घर का मागतात, तेही समजून घ्या. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत, त्यापुढे मागतात. शेतजमीन त्यांना नको असते, कारण कर्ज थकले तर बँकेला तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या 2002 च्या सरफेसी कायद्याखाली शेतजमिनीवर कारवाई करता येत नाही. घरावर करता येते. असे अर्ज हाताळताना मी कर्जदाराच्या आईला टेबलापाशी बसून घराच्या कागदांवर अंगठा देताना पाहिले आहे, आणि त्या जागी आपली आई बसावी असे मला वाटत नाही. केंद्र सरकारची 2024 ची पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे, पण ती निवडक संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्या मुलांसाठी आहे. पैसे भरून घेतलेल्या जागेला तिचा आधार मिळणार नाही.

याउलट बेळगावात कर्नाटकच्या सीईटी प्रवेशपरीक्षेतून त्याला मेकॅनिकल मिळण्यासारखी आहे. पहिली ते दहावी गावातच शिकल्यामुळे ग्रामीण विद्यार्थ्यांच्या 15 टक्के आरक्षणावर त्याचा हक्क आहे, तो दाखला मात्र आजच तपासून ठेवावा. फी वर्षाला लाखाच्या आसपास धरली तर कर्ज 4 लाखांत भागते. तेवढ्या कर्जाला तारण लागत नाही आणि पदरचा वाटाही घालावा लागत नाही. तो शिकत असतानाचे व्याज मी माझ्या पगारातून दरमहा भरीन. सगळी रक्कम उचलल्यावरही ते महिन्याला 3,400 च्या पुढे जाणार नाही, आणि मुद्दल जागच्या जागी राहील. शिवाय पॉवर टिलर खोलून अंगणभर नटबोल्ट मांडून बसणाऱ्या आणि अंधार पडायच्या आत तो पुन्हा चालू करून दाखवणाऱ्या मुलाला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्री आणि मशीन शॉप जवळ असणे हे बेंगळुरूच्या वसतिगृहापेक्षा जास्त उपयोगाचे आहे, असे मला मनापासून वाटते. सुट्टीत तो तिथे काम शिकू शकेल.

महाराष्ट्राची वाटही बंद समजू नका. त्याने तिथली एमएचटी-सीईटी ही प्रवेशपरीक्षाही दिलेली आहे, आणि वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या उमेदवारांना तिथल्या प्रवेशप्रक्रियेत अर्ज करता येतो. कराडचे सरकारी कॉलेज 1960 चे आणि सांगलीचे वालचंद 1947 चे. यांपैकी एखादे मिळाले तर नाव आणि फी दोन्ही जुळतील. मग मी बेळगावचा आग्रह धरणार नाही. त्यासाठी गाव सीमाभागात असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन दाखले लागतील. बाबांनी शाळेत जाऊन दुसऱ्या दाखल्याची चौकशी आधी करावी.

मोठ्या नावाची ओढ पुढेही भागवता येते. गेट ही पदवीनंतरची प्रवेशपरीक्षा देऊन एम.टेक.ला गेला तर सरकारकडून दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळते. तेव्हा तो नावाजलेल्या संस्थेत शिकेल आणि घरावर बोजाही चढणार नाही.

आईने पाटल्या मोडायची भाषा काढली, असे धाकट्याने मला सांगितले. आई, तसे काही करू नकोस. त्या कॉलेजच्या एजंटाने जागा अडवून ठेवण्यासाठी 50 हजार मागितले आहेत, तेही इतक्यात देऊ नका, कारण प्रवेश रद्द केल्यावर ते परत मिळतील असे त्याच्या कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही. सीईटीच्या जागांची पहिली यादी लागेपर्यंत थांबावे. रविवारी मी कोल्हापूरहून येते. धाकट्यालाही समोर बसवून त्याचे ऐकून घेऊ, कारण हप्ता शेवटी त्यालाच फेडायचा आहे. तोपर्यंत त्याची गुणपत्रके, ग्रामीणचा दाखला आणि घराचे उतारे एका पिशवीत काढून ठेवा, उतारे फक्त मला बघण्यासाठी.

तुमची,
थोरली

ता. क. बाबांनी रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नयेत.