साहेब, शाळेला कॉम्प्युटर दिलात, आता त्याचा पासवर्डपण द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

सा. न. वि. वि.

मी जतमध्ये कॉम्प्युटर रिपेअरिंगचं छोटं दुकान चालवतो. हे पत्र खरं तर आमच्याकडच्या गुरुजींनीच लिहायला पाहिजे होतं, पण त्यांना नोकरी करायचीय, म्हणून मी लिहितोय. विषय साधा आहे. शाळांना मिळालेल्या कॉम्प्युटरपैकी माझ्याकडं येतात त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये विंडोजच्या जागी लिनक्स असतं, बहुतेक त्यातलाच उबुंटू हा प्रकार, आणि त्यावर व्हिडिओ लागत नाही.

लिनक्सबद्दल माझी तक्रार नाही हां. फुकट आहे, व्हायरसची कटकट कमी, जुन्या मशीनवरपण बऱ्यापैकी पळतं. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, विंडोज ११ त्या जुन्या डब्यांना झेपणार नाही, म्हणजे उद्या अजून शाळा लिनक्सवर येणार, म्हणून आत्ताच बोलतोय.

होतं काय, की गावात रेंज नसते, त्यामुळं मॅडम तालुक्याला आल्या की पाठाचे व्हिडिओ मोबाईलवर उतरवून घेतात, पेनड्राईव्हवर टाकतात, दुसऱ्या दिवशी पोरांना समोर बसवून फाईलवर डबल क्लिक करतात आणि स्क्रीनवर येतं की एच.२६४ डिकोडर पाहिजे. आता हे बघून मॅडमनी काय समजायचं? पोरं काळ्या स्क्रीनकडं बघत बसतात, मग मॅडम खडू घेतात. मशीन चांगलं आहे, व्हिडिओ चांगला आहे, मधलं एक पार्सल टाकायचं राहिलंय एवढंच. पेटंटच्या भानगडीमुळं उबुंटूवाले हे कोडेक, म्हणजे व्हिडिओ उलगडून दाखवणारं सॉफ्टवेअर, आधीपासून घालून देत नाहीत, इन्स्टॉल करताना एक चौकोन येतो, नेट जोडून तिथं टिक केली की काम होतं. पण सप्लायरचा माणूस एकाच दिवसात दहा शाळा उरकणार असेल तर तो कशाला टिक करतोय.

बरं, नंतर टाकायचं म्हटलं तरी अवघड काय नाही. टर्मिनल, म्हणजे हुकूम टाईप करायची खिडकी, उघडायचं, सुडो ॲप्ट अपडेट, मग सुडो ॲप्ट इन्स्टॉल व्हीएलसी, संपला विषय. (सुडो म्हणजे ॲडमिनच्या हक्कानं, ॲप्ट म्हणजे नेटवरनं सॉफ्टवेअर आणून बसवणारा.) व्हीएलसी म्हणजे व्हिडिओ लावायचं सॉफ्टवेअर, पॅरिसच्या कॉलेजातल्या पोरांनी १९९६ ला सुरू केलेला प्रोजेक्ट, २००१ पासून सगळ्यांना खुला, एक रुपया लागत नाही. (२०२२ मध्ये आपल्याच देशात त्याची वेबसाईट कित्येक महिने ब्लॉक होती, ते वेगळंच रामायण. लिनक्सवाल्यांना फरक पडला नाही कारण ॲप्ट त्या साईटवरनं आणतच नाही.) काही जण उबुंटू रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज, म्हणजे कोडेक आणि फॉन्टचं एकत्र पार्सल, टाकायला जातात, त्यात मध्येच फॉन्टच्या लायसनचा एक डबा येतो, तिथं माऊस चालत नाही, टॅब दाबून ओके वर जायचं आणि एंटर मारायचं. हे माहीत नसलेले गुरुजी मशीन हँग झालं समजून सरळ स्विच बंद करतात, आणि मग ॲप्ट अर्धवट अडकून बसतं. त्यांना कुणी सांगितलंच नाही तर त्यांची काय चूक?

पण खरी गोची पासवर्डची आहे. सुडो म्हटलं की पासवर्ड मागतो, टाईप करताना साधी टिंबंसुद्धा दिसत नाहीत, आणि मुळात तो पासवर्ड शाळेकडं नसतोच! सप्लायरनं ॲडमिनचं खातं स्वतःकडं ठेवलं, शाळेला साधं खातं दिलं. त्यावरनं सुडो मारलं की उत्तर येतं, तुमचं नाव सुडोअर्सच्या यादीत नाही, या प्रकाराचा रिपोर्ट केला जाईल. एका गुरुजींनी मला काळजीनं विचारलं, रिपोर्ट कुठं जातो ओ, पंचायत समितीला का? हसायला आलं, पण त्यांचं भ्या खरं होतं. स्टिकरवरच्या नंबरला फोन लावला तर मुदत संपली म्हणतात. मग सीपीयू पोत्यात गुंडाळून मोटरसायकलवर माझ्याकडं. मी रिकव्हरी मोडमधनं रूटला, म्हणजे सगळे हक्क असलेल्या खात्याला, जाऊन पासवर्ड बदलून देतो, पाच मिनिटांचं काम, पण शाळेच्या स्वतःच्या कॉम्प्युटरमध्ये असं मागच्या दारानं का शिरावं लागतं?

केरळात काईट म्हणून सरकारी संस्था आहे, ती शाळांसाठी उबुंटूवर बेतलेली स्वतःची लिनक्स काढते, लागणारी सॉफ्टवेअर आतच. आपल्याला एवढं जमणार नाही असं नाही, सीडॅक या सरकारी कॉम्प्युटर संस्थेचं हेड ऑफिस पुण्यातच आहे. पण ते राहू द्या, मी मोठं काही मागत नाही. खरेदीच्या अटींमध्ये दोन ओळी वाढवा. मशीन ताब्यात देताना व्हीएलसी आणि कोडेक घातलेले पाहिजेत, आणि मुख्याध्यापकांच्या समोर पेनड्राईव्हवरचा एक व्हिडिओ आवाजासकट लावून दाखवल्याशिवाय बिल पास करायचं नाही. दुसरं, ॲडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात शाळेला द्यायचा. डेडस्टॉक रजिस्टरला मशीनचा सीरियल नंबर चढतो, माऊससुद्धा चढतो, तर त्या पाकिटाचीपण नोंद तिथंच होऊ दे, म्हणजे सरांची बदली झाली की चार्जबरोबर तेपण पुढच्यांकडं जाईल.

आणि जी मशीन आधीच वाटलीत त्यांच्यासाठी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात सगळी डेब पार्सलं, म्हणजे नेट नसताना टाकता येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फाईली, भरलेला एक पेनड्राईव्ह ठेवा. प्रत्येक उबुंटू व्हर्जनचं फोल्डर मात्र वेगळं करा, एकाची पार्सलं दुसऱ्याला बसत नाहीत. भरून मी देतो, फुकट.

आपला,
जतचा एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला