शर्यतीचा पैसा आणि पडलेल्यांचा वाटा

न्यूमार्केट, सफोक
दि. १२ ऑक्टोबर २०२५

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र मिळाले. आईची तपासणी व्यवस्थित पार पडली हे वाचून जीव भांड्यात पडला. तिच्या रिपोर्टचा फोटो दादाला पाठवायला सांगा. बाकीची खुशाली फोनवर बोलूच. आज तुमच्या एकाच प्रश्नाचे उत्तर नीट लिहावे म्हणून बसले आहे.

जॉकींच्या पुनर्वसन केंद्रात मला कायमची जागा मिळत असली, तरी ज्या पैशामागे रेसचा जुगार आहे त्या पैशातून आपल्या मुलीचा पगार व्हावा हे मनाला पटत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. तुमचा आक्षेप मला क्षुल्लक वाटत नाही. पुण्याच्या रेसकोर्सशेजारी वानवडीत राहून रेसपायी मोडलेले संसार तुम्ही जवळून पाहिले आहेत, आणि पगाराच्या दिवशी घरी न परतणाऱ्या माणसांच्या गोष्टी मीही लहानपणापासून ऐकत आले आहे. म्हणून हा पैसा कुठून येतो, कोणत्या वाटेने जातो आणि शेवटी कोणाच्या हातात पडतो, हे मला इथे जसे समजले तसे लिहिते.

डिसेंबर १९६३ मध्ये टिम ब्रुकशॉ हा जॉकी लिव्हरपूलजवळच्या ‘एंट्री’ नावाच्या शर्यतीच्या मैदानावर घोड्यावरून पडला आणि त्याच्या कमरेखालचे शरीर लुळे पडले. त्यानंतर चारच महिन्यांनी, १९६४ च्या ग्रँड नॅशनल शर्यतीत, पॅडी फॅरल ‘द चेअर’ नावाच्या उंच अडथळ्यावर पडला आणि त्याचीही तीच गत झाली. त्याच्या पदरी चार लहान मुले होती. त्या काळी जॉकींना मिळणारी भरपाई इतकी तुटपुंजी होती की तिच्यावर एखादे कुटुंब आयुष्यभर चालणे शक्यच नव्हते. या दोघांसाठी निधी उभा राहिला, त्यात जॉन लॉरेन्स (पुढे लॉर्ड ओक्सी) यांचा पुढाकार होता, आणि त्याच निधीतून आजची ‘इंज्युअर्ड जॉकीज फंड’ ही संस्था वाढली. हजारावर जॉकींना आणि त्यांच्या घरच्यांना या संस्थेने हात दिला आहे. लॅम्बोर्नला २००९ साली, माल्टनला २०१५ साली आणि इथे न्यूमार्केटला २०१९ साली तिने पुनर्वसन केंद्रे उघडली. नाताळची भेटकार्डे विकून, मृत्युपत्रांतून ठेवलेल्या देणग्यांतून, निवृत्त जॉकींच्या खास शर्यती भरवून आणि रेसच्या धंद्यातून येणाऱ्या अनुदानांतून हे सारे चालते. म्हणजे माझ्या पगारात जुगाराचा पैसा अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. पण तेवढाच आहे असेही नाही.

आता त्या पैशाविषयी. इथल्या सरकारने १९६१ पासून रस्त्यावरच्या बेटिंगच्या दुकानांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी असा कायदा केला की बुकींनी घोड्यांच्या शर्यतींवरच्या धंद्यातला काही हिस्सा शर्यतींच्याच कामासाठी एका मंडळाकडे भरावा. आज ब्रिटनमधील शर्यतींवरच्या ढोबळ नफ्यातून, पहिले पाच लाख पौंड वगळून, १० टक्के रक्कम द्यावी लागते. परदेशात बस्तान हलवून ही वर्गणी चुकवणाऱ्या कंपन्यांनाही २०१७ पासून ती लागू झाली. वर्षाला सुमारे १० कोटी पौंड अशा रीतीने जमतात. त्यांतला बराच मोठा भाग बक्षिसांच्या रकमेत जातो, काही भाग शर्यती प्रामाणिकपणे व्हाव्यात यासाठीच्या तपासणीवर आणि घोड्यांच्या वैद्यकीय संशोधनावर खर्च होतो. मला खटकते ते इथेच. घोड्याला खरारा करणाऱ्याच्या म्हातारपणाचा विचार या वाटणीत पहिल्या रांगेत कधी बसला नाही. त्याच्या वाट्याला जे येते ते बक्षिसाच्या रकमेतून तबेल्यातल्या सगळ्या कामगारांत वाटल्या जाणाऱ्या एका लहानशा हिश्श्याच्या रूपाने येते.

ही उणीव थोडीफार भरून निघाली ती ‘टोट’च्या विक्रीतून. सगळ्यांनी लावलेले पैसे एकत्र जमवून जिंकणाऱ्यांत वाटण्याची, बुकींना पर्याय म्हणून सरकारच्या आधाराने चालणारी टोटची पद्धत १९२९ साली इथल्याच मैदानावर आणि कार्लाइलला पहिल्यांदा वापरली गेली. २०११ साली सरकारने ती २६.५ कोटी पौंडांना बेटफ्रेड कंपनीला विकली, आणि निव्वळ रकमेतला रेसच्या क्षेत्राचा वाटा एकदाच खर्चून न टाकता त्यातून २०१२ साली ‘रेसिंग फाउंडेशन’ हा कायमचा निधी स्थापन झाला. त्याच्या उत्पन्नातून रेसशी संबंधित धर्मादाय संस्थांना अनुदाने मिळतात: तबेल्यातल्या आणि स्टड फार्मवरच्या कामगारांसाठीची ‘रेसिंग वेल्फेअर’, शर्यतीतून निवृत्त झालेल्या घोड्यांना दुसरे काम शिकवण्यासाठी २००० साली सुरू झालेली संस्था, आणि आमच्यासारखी केंद्रे. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. विक्रीचे पैसे एकरकमी वाटले असते, तर दोन-तीन मोसमांची बक्षिसे तेवढी फुगली असती आणि पुढे काहीच उरले नसते.

हे पैसे माणसापर्यंत पोचतात तेव्हा काय होते, तेही सांगते. अलीकडे माझ्याकडे एक वर्क रायडर येत होता, म्हणजे पहाटे ट्रेनरच्या घोड्यांना सराव देणारा स्वार. मूळचा झुंझुनूकडचा, इथल्या तबेल्यांत राजस्थान, पुणे, हैदराबादकडून आलेली अशी बरीच मुले आहेत. घोडा बुजला, हा खांद्यावर पडला आणि हंसळीचे हाड मोडले. हाड जुळले, तरी हात खांद्याच्या वर जात नव्हता. आमच्याकडे एक यांत्रिक घोडा आहे. त्यावर बसून लगाम धरायचा, रिकिबीत उभे राहून पाठ सपाट ठेवायची आणि घोडा डोलू लागला की दोन्ही खांद्यांनी सारखा ताण घ्यायचा. पहिल्या वेळी त्याचा डावा हात थरथरत होता आणि दुखते आहे हे तो कबूल करत नव्हता, कारण बरा झालो नाही तर जागा जाईल ही धास्ती त्याच्या मनात होती. मी हिंदीत समजावले तेव्हा कुठे त्याने दात आवळायचे थांबवले. व्यायाम मी घेतले, पण त्याची झोप परत आणली ती ‘रेसिंग वेल्फेअर’च्या कार्यकर्तीने. आजारपणाच्या काळातला पगार, राहण्याची खोली आणि व्हिसाचे कागद, या तिन्ही गोष्टी तिने त्याच्याजवळ बसून एकेक करून मार्गी लावल्या. त्या संस्थेचा फोन चोवीस तास चालू असतो. मोडलेले हाड जोडण्याइतकेच हे कामही उपचारच आहे असे मी मानते.

त्या मुलाकडे पाहताना मला महादूकाका आठवले. घोड्याने लाथ मारून त्यांचा खुबा निकामी केला, तेव्हा ते ज्या ट्रेनरकडे सईस होते त्यांनी काही दिवस पैसे दिले आणि मग हात आखडता घेतला. पुढे तबेल्यातल्या लोकांनी वर्गणी काढली, तुम्ही त्यांना दवाखान्यात नेत राहिलात, आणि काकू धुण्याभांड्यांची कामे करू लागल्या. ज्या घोड्याला त्यांनी खाऊपिऊ घातले, त्याच्यावर त्या मोसमात किती लोकांनी किती पैसे लावले असतील याचा हिशेब कोणी केला नाही. माझा मुद्दा एवढाच आहे, आप्पा. रेस बंद व्हावी की चालू राहावी हे तुमच्या-माझ्या हातात नाही. पण ती चालू असेतोवर तिच्या उत्पन्नावर पहिला हक्क तिच्यात शरीर झिजवणाऱ्यांचा असला पाहिजे, आणि तो हक्क कोणाच्या दयेवर न राहता नियमाने मिळाला पाहिजे.

तुम्ही भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात सारी नोकरी केलीत. पगार हातात पडण्याआधीच कपात झाली म्हणून कितीतरी गिरणी कामगारांची म्हातारपणे निभावली, हे तुम्हीच आम्हाला सांगत आला आहात. रेसच्या पैशाचेही तसेच व्हावे असे मला वाटते. मालकाचा हात सैल असेल त्या दिवशी मदत मिळावी आणि नसेल त्या दिवशी मिळू नये, ही व्यवस्था नव्हे.

राहिला हरणाऱ्यांचा प्रश्न. तो या संस्थांनी सुटत नाही आणि सुटतो असे भासवणेही चूक होईल. जुगाराच्या नादातून माणसांना सोडवण्याच्या उपचारांसाठी, प्रतिबंधासाठी आणि संशोधनासाठी इथे या एप्रिलपासून सर्व जुगार कंपन्यांवर वेगळी सक्तीची वर्गणी बसवली आहे; ऑनलाइन कंपन्यांना ती १.१ टक्के भरावी लागते आणि त्यातला निम्मा पैसा सरकारी आरोग्यसेवेकडे उपचारांसाठी जातो. दर पुरेसा आहे असे मला वाटत नाही, तरी दोन्ही जखमांसाठी दोन स्वतंत्र खाती असणे मला योग्य वाटते.

या सगळ्याचा विचार करून ती जागा स्वीकारावी असे मी ठरवले आहे. तुमचा होकार आला तर मला फार बरे वाटेल. नकार आला तर कारणांसह लिहा, मी ते मनापासून वाचीन.

तुमच्याकडून एक माहिती हवी आहे. महादूकाकांना सवडीने भेटून विचारा की त्यांची नेमणूक कोणाच्या नावावर होती, ट्रेनर बदलला की नोकरीचा काळ तुटलेला धरत असत का, आणि अपघाताच्या वेळी त्यांच्याकडून कशाकशावर सह्या घेतल्या. जुने कागद असतील तर त्यांचेही फोटो दादाकडून पाठवा. त्यांच्या खुब्याचा अलीकडचा एक्स-रे काढलेला असेल तर तो आधी पाठवा, म्हणजे त्यांना कोणते व्यायाम चालतील ते मी लगेच लिहून कळवीन.

आईला नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार, चिमुकलीला आशीर्वाद.

तुमची,
सुनंदा