तिसरा फोटो भुऱ्याचा नाही

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

दाराचे तीन फोटो मिळाले. "भुऱ्याने घर खाल्लं, लांबीचा (पुट्टीचा) डबा आणलाय, रविवारी भरून टाकतो," असं तू लिहितोस. पहिल्या दोन फोटोंतले ओरखडे आणि कुरतडलेला कोपरा हे तुझ्या कुत्र्याचेच उद्योग, वाद नाही. पण तिसरा फोटो जरा मोठा करून बघ. चौकटीच्या पायाशी रंग फुगलाय आणि कडेने पेन्सिलएवढी जाड मातीची रेघ वर चढलीये. कुत्रा भिंतीला माती लिंपत नाही. ती वाळवी आहे. डब्याचं झाकण उघडू नकोस अजून.

मी हीच चूक करून बसलेली आहे, म्हणून सांगते. तू लहान असताना न्हाणीघराची चौकट अशीच एका जागी दबली होती. मी लांबी भरली, घासली, वर दोन हात रंग दिला. बाबांनी कौतुक केलं, आणि ते कौतुक मला वर्षभर पुरलं. मग एकदा दार पुसताना बोट सरळ रंगातून आत गेलं. आत लाकूड नव्हतंच, नुसते कागदासारखे पापुद्रे आणि ओलसर माती. वाळवीला उघडी हवा सोसत नाही, वाळून मरते ती. म्हणून लाकूड आतून खाते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते. मी तिला आयतं छप्पर रंगवून दिलं होतं.

तर आधी स्क्रू ड्रायव्हर घे. उलट्या बाजूने, मुठीने, चौकटीवर खालपासून वर ठोकत जा. चांगलं लाकूड टणटण बोलतं, खाल्लेलं भद्द. आवाज बदलला तिथे टोक टेकवून हलकेच दाब. किती उंचीपर्यंत आत जातं ते पेन्सिलने खूण करून ठेव. ती मातीची रेघ म्हणजे वाळवीची नळी, ती बोटभर फोड. आत पांढरट किडे पळताना दिसले, किंवा चार दिवसांत नळी पुन्हा जोडली गेली, तर वस्ती चालू आहे. काही दिसलं नाही तरी गेली असं समजू नकोस, वाट बदलते ती. वरून फवारा मारून समोरची मरते. राणी आणि बाकीचा पसारा जमिनीत असतो, त्याला पेस्ट कंट्रोलवालाच हवा. आणि ओल कुठून येते ते शोध. नळ झिरपतोय का, फरशी पुसलेलं पाणी चौकटीशी साचतंय का? ओल राहिली तर औषधाचे पैसेही गेले.

(टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली असती तर गोष्ट वेगळी. ते भुंगेरे. अळी आत वाढते आणि भुंगेरा बाहेर पडताना भोक पाडतो, म्हणजे भोक दिसेपर्यंत तो निघून गेलेला असतो. खाली काळा कागद ठेवून नवी भुकटी पडते का ते पाहायचं. तुझ्याकडे तसं काही दिसत नाही.)

आता भुऱ्या. दाराच्या आतल्या बाजूने, कडीच्या खाली, एकावर एक ओरखडे आहेत, म्हणजे तू बाहेर पडलास की तो हे करतो. राग नाही तो, घाबरतो. संध्याकाळी येऊन रागावलास तर कशाबद्दल ते त्याला कळणारसुद्धा नाही. दोन मिनिटं बाहेर जा, परत ये, मग पाच, मग दहा, असं वाढवत ने. तोवर दाराच्या खालच्या भागावर पातळ ॲक्रिलिकची शीट स्क्रूने लाव. कोपरा कुरतडलाय त्याचं कारण साधं आहे, पाच महिन्यांचा आहे तो. सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के दात येतात, हिरड्या शिवशिवतात. चावायला त्याचं स्वतःचं काहीतरी दे.

ओरखड्यांना फार काही लागत नाही. उभे राहिलेले तंतू पटाशीने कापून टाक, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, शेवटी २२०, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. तुझं दार आतून पोकळ वाटतंय. तसं असेल तर वरचा थर जेमतेम ३ मिलिमीटरचा असतो, ८० नंबरने जोर केलास तर आरपार जाशील. लांबी पातळ भर, सुकू दे, बसली की पुन्हा भर. एकदाच जाड थापली की तडकते. आणि घर जुनं असेल तर रंग कोरडा घासू नकोस, जुन्या रंगात शिसं असू शकतं. ओला पेपर वापर, भुऱ्याला खोलीबाहेर ठेव.

कुरतडलेल्या कोपऱ्याला मात्र साधी लांबी नको, पहिल्याच धक्क्याला खपली निघेल. दोन भाग मळून करायची एपॉक्सी पुट्टी घे. त्याआधी खाल्लेल्या जागेत दोन-तीन छोटे स्क्रू असे पिळ की डोकी शेवटच्या पातळीच्या आतच राहतील. पुट्टी त्यांना धरून बसते. पुट्टी जरा जास्तच भर, पूर्ण कडक झाल्यावर कानशीने कोपरा काढ. हे काम मला फार आवडतं, गेलेला कोपरा हळूहळू परत दिसायला लागतो.

रंगाआधी प्रायमर हवाच, नाहीतर भरलेली जागा रंग पिऊन टाकते आणि निस्तेज डाग उमटतो. टॉर्च दाराला चिकटवून आडवा धर. समोरून सपाट दिसणारे उंचवटे तिरप्या उजेडात चुगली करतात. दार बिजागरीवरून काढलंसच तर खालची कडही रंगव. ती कोणीच रंगवत नाही आणि पाणी तिथूनच चढतं.

चौकटीचा खाल्लेला भाग औषधानंतर कापून नवा तुकडा जोडायचा, पण तो सुताराकडून. खूण गुडघ्याच्या वर गेली असेल तर चौकटच बदल, मन घट्ट कर.

रविवारी नुसता ठोकून बघ आणि आवाज रेकॉर्ड करून पाठव, मी ऐकून सांगते. तिसऱ्या फोटोबद्दल भुऱ्याला जे काही बोलला असशील, ते मागे घे.

तुझी,
आई