दादा, कॅमेऱ्याआधी भरतीचं वेळापत्रक बघ

केप मे, न्यू जर्सी
एप्रिलअखेर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं येणं 18 ते 30 मे असं ठरलं, हे फार बरं झालं. रेड नॉट या तांबूस किनारी पक्ष्यांची डेलावेअर उपसागरावरची खरी गर्दी मेच्या शेवटच्या दहा-बारा दिवसांतच असते. जूनचा पहिला आठवडा सरला की ते आर्क्टिककडे निघून गेलेले असतात. तू लेन्सचं विचारलं होतंस, ते पुढे लिहिते. पण इथला फोटो भरतीवर ठरतो, म्हणून आधी भरती.

पाणी साधारण 15 अंशांपर्यंत तापलं की हॉर्सशू क्रॅब अंडी घालायला पुळणीवर येतात. नाव खेकड्याचं असलं तरी हा प्राणी कोळी-विंचवांच्या जवळचा. मे-जूनमध्ये, पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला, विशेषतः रात्रीच्या भरतीला, ते सर्वांत जास्त येतात. मादी वाळूत वीतभर खोल अंडी पुरते, एका घरट्यात चार हजारांच्या आसपास. हिरवट, मोहरीएवढी. रेड नॉटची चोच तेवढी खोल जात नाही. नंतर आलेल्या माद्या आणि लाटा जुनी घरटी उकरतात, तेव्हा वर येणाऱ्या अंड्यांवर हे पक्षी जगतात. वारा सुटून लाटा उसळल्या तर क्रॅब किनाऱ्याला येत नाहीत. म्हणून तिथीइतकंच वाऱ्याच्या अंदाजाकडेही लक्ष ठेव.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब इथे तसाच लावू नकोस. तिकडे पुनवेला दुपारी-मध्यरात्री बाराच्या सुमारास भरती असते, इथे उपसागराच्या तोंडाशी ती सकाळ-संध्याकाळ नऊच्या आसपास येते. पुढे रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा, हे मात्र सारखंच. उपसागरात जसजसं आत जावं तसतशी भरती आणखी उशिरा लागते, तेव्हा नोआच्या (अमेरिकेच्या सरकारी हवामान-समुद्र खात्याच्या) भरतीच्या तक्त्यात किनाऱ्याजवळचंच ठिकाण निवड. भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास कामाचे. तेव्हा पुळण अरुंद होते आणि पक्षी एका पट्ट्यात दाटतात. पूर्ण सुकतीला ते दूर चिखलावर पांगतात आणि 600 मिमीतही ठिपके दिसतात.

दुसरी गोष्ट उजेडाची. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर पाणी पश्चिमेला आहे, डेलावेअर राज्याच्या किनाऱ्यावर पूर्वेला. म्हणजे सकाळी इकडे ऊन तुझ्या पाठीशी, आणि संध्याकाळी तिकडे. सकाळच्या भरतीला रीड्स बीच, कुक्स बीच किंवा किंबल्स बीच धर. संध्याकाळची भरती असेल तर पलीकडे मिस्पिलियन हार्बर किंवा पोर्ट माहोनचा रस्ता. मधे केप मे–ल्यूइस फेरी आहे, दीड तासाच्या आत पोचवते. उलट्या वेळी गेलास तर काळ्या आकृत्या मिळतील. त्या मुद्दाम हव्या असतील तर ठीक, पण तांबूस पिसांचा रंग त्यात हरवतो, आणि तू येतोस तो त्या रंगासाठीच. टर्नस्टोन आणि सँडरलिंग कोकणात हिवाळ्यात मळकट पिसांत पाहिलेस ना, तेच इथे विणीच्या पिसांत असतात. टर्नस्टोनची पाठ विटकरी-काळी, नॉटची छाती भाजल्या विटेसारखी.

आता नियम, आणि हे मी कळकळीने लिहिते. न्यू जर्सीच्या बाजूला हे किनारे साधारण 7 मे ते 7 जून लोकांसाठी बंद असतात. आखून दिलेल्या जागांवरूनच, दोरीच्या अलीकडून पाहायचं. तिथे स्वयंसेवक असतात, ते सांगतील ते ऐक. कारण साधं आहे. नॉट इथे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास वजनाने पोचतो आणि दोनेक आठवड्यांत त्याला 180 ग्रॅमपर्यंत जावं लागतं. त्यांतले काही थेट दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून, तिएरा देल फुएगोहून निघालेले असतात. थवा एकदा उडवला की खाण्याचा वेळ जातो आणि साठवलेली चरबीही जळते. 2008 पासून न्यू जर्सीत या क्रॅबच्या पकडीवर बंदी आहे, 2014 मध्ये ही नॉटची उपजात अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या संकटग्रस्त यादीत आली. एवढं सगळं त्यांच्या खाण्यासाठी केलेलं, ते आपण फोटोसाठी मोडायचं नाही. पक्ष्यांनी माना वर केल्या, चोच थांबली, एकमेकांना चिकटून सरकू लागले, तर तू जास्त जवळ आहेस. उडण्याची वाट न पाहता तिथूनच मागे हो. ड्रोनचा विचारही नको.

लेन्स. तुझी 150-600 पुरेल. फुल फ्रेमवर 600 ला 15 मीटरवरची चौकट 90 सेंटीमीटर रुंद येते. नॉट 25 सेंटीमीटरचा, म्हणजे चौथाईच्या थोडा वर. 30 मीटरवर तो सातवा हिस्साच राहतो. मिस्पिलियनला डेकवरून पाणी ओलांडून बघायचं असतं, तिथे 1.4 चा टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारी जोड) लागेल. इतर ठिकाणी तो काढून ठेव, उजेड आणि फोकस दोन्ही खातो. 15 मीटरवर एफ 6.3 ला फोकसची खोली जेमतेम एक वीत मिळते. एकट्या पक्ष्याला ती चालते, पण तीन-चार पक्षी एकत्र धारदार हवे असतील तर एफ 9-11 कर आणि ते कॅमेऱ्याशी समांतर येईपर्यंत थांब.

चरणाऱ्या पक्ष्याला 1/1000 सेकंद. लाटेमागे धावणाऱ्या सँडरलिंगला आणि उड्डाणाला 1/2500 च्या खाली येऊ नकोस. आयएसओ 1600-3200 गेला तरी चालेल, हललेला फोटो कुठल्याच सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही. एक्स्पोजर मॅन्युअलवर ठेव. ऊन तेच असतं, मागची पार्श्वभूमी मात्र क्षणात ओल्या काळ्या वाळूवरून पांढऱ्या फेसावर जाते, आणि ऑटोमध्ये त्यासोबत पक्ष्याचा उजेड हेलकावे खातो. सुरुवातीला एखाद्या लाफिंग गलच्या (इथल्या कुरव पक्ष्याच्या) पांढऱ्या छातीवर हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघ. तिथे पिसांचा पोत टिकला की बाकी सगळं आपोआप नीट. डोळा ओळखणारा ऑटोफोकस एकट्या पक्ष्यावर उत्तम चालतो, पण दाट थव्यात पुढच्या गलवर उडी मारतो. तिथे एकच बिंदू वापर. उड्डाणाला मेकॅनिकल शटर ठेव, नाहीतर पुष्कळ कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटरने पंख वाकडे येतात.

कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आण. दोरीमागे बसून किंवा पालथं पडून, बीनबॅगवर. उभ्याने काढलेल्या फोटोत मागे नुसती वाळू येते, खालून काढलेल्यात मागचं पाणी विरघळतं.

सगळ्यात फसवणारी गोष्ट म्हणजे उन्हाची झळ. नऊ-दहानंतर वाळूवरची हवा लहरते आणि प्रत्येक फोटो किंचित विरघळलेला येतो. माणूस लेन्सला दोष देतो आणि फोकस जुळवत बसतो. उपाय एकच, पहाटे जाणं, नाहीतर ढगाळ दिवस. मेअखेर सूर्य पावणेसहाच्या आधी उगवतो, तेव्हा पाचला निघायचं. गाडीतून काढणार असशील (पोर्ट माहोनला तेच सोयीचं, आणि तो रस्ता मोठ्या भरतीला पाण्याखालीही जातो) तर इंजिन आणि एसी बंद ठेव, खिडकीपाशी गार-गरम हवा मिसळली की तीच लहर घरबसल्या तयार होते. एसीतून बाहेर आणलेली लेन्स अर्धा तास बॅगेतच राहू दे, नाहीतर काचेवर दव धरतं.

अभ्यासकांनी पक्ष्यांच्या पायांवर लावलेल्या ओळखपट्ट्यांचे फोटो जरूर घे. नॉटच्या मांडीपाशी छोटा रंगीत झेंडा असतो, त्यावर तीन अक्षरं-आकडे. फिकट हिरवा म्हणजे अमेरिकेत लावलेला, नारिंगी अर्जेंटिनात, निळा ब्राझीलमध्ये, लाल चिलीत. बाजूने, पाय पाण्याबाहेर असताना लांब बर्स्ट घेतला तर एखादी तरी चौकट वाचता येते. बी95 नावाचा नॉट असाच ओळखला गेला. 1995 मध्ये तिएरा देल फुएगोत पट्टी लागलेली, आणि 2014 च्या मेमध्येही तो इथे दिसला होता. ठिकाण, वेळ, रंग आणि आकडे लिहून ठेव, आपण नोंद कळवू.

रात्रीचे क्रॅब डेलावेअरच्या बाजूला, स्लॉटर बीचला काढू. ट्रायपॉडवर 24 मिमी, मंद लाल उजेड, एखाद-दोन सेकंद. लाट पुसट आणि कवचं स्थिर येतात. पक्ष्यांवर फ्लॅश नाही. उलटा पडलेला क्रॅब दिसला तर कवचाच्या दोन्ही कडा धरून सुलटा कर. शेपटी धरायची नाही, ती दुखावली तर पुढच्या वेळी त्याला स्वतःहून सुलटं होता येत नाही.

अटलांटिकच्या बाजूला पायपिंग प्लोव्हर आणि लीस्ट टर्न या छोट्या पक्ष्यांची घरटी कुंपणात असतील. तिथे पंख मोडल्याचं सोंग करत फरफटणारा प्लोव्हर दिसला तर तो फोटो घेत बसू नकोस, लगेच मागे फीर. अंडी उघड्या वाळूवर असतात आणि आईबाप दूर राहिले की उन्हात भाजतात.

ट्रायपॉडचा सर्वांत खालचा भाग आधी पूर्ण बाहेर काढ, म्हणजे लॉक वाळूच्या वर राहतील. लेन्स पुळणीवर बदलायची नाही. काचेवर खाऱ्या पाण्याचे थेंब आले तर आधी ब्लोअर, मग ओलसर कापड, शेवटी कोरडं. थेट कोरडं फिरवलंस तर वाळू कोटिंग ओरखडते. संध्याकाळी ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धू.

सामानात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, लांब बाह्यांचे दोन शर्ट आणि वाऱ्याचं जॅकेट टाक. पहाटे गारठा असतो. गवतात गोचीड असतात आणि वारा पडला की चिलटं छळतात, त्यावरचं औषध माझ्याकडे आहे. मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे, त्या तीन दिवसांत गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा ते दिवस आपण पलीकडे पोर्ट माहोनला काढू.

वहिनीसाठी दुर्बीण 8x42 ची घे, 10x वाऱ्यात हलते. आई-बाबांना सा. न., मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण