त्बिलिसीतल्या लेकीला

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजला जाताना बसमधून डोंगरावरची ती चंदेरी बाई रोज दिसते, पण वर जायला अजून सवड झाली नाही, असं तू फोनवर म्हणालीस. सई, या रविवारी अ‍ॅनाटॉमीचं पुस्तक मिटून जाच. माझं आयुष्य चित्रकला शिकवण्यात गेलं, आणि माझी मुलगी शिल्पकार एल्गुजा अमाशुकेलीच्या गावात राहून त्याचं काम नुसतं लांबून बघते, याची मला खरोखर रुखरुख लागते.

ती 'कार्तलीस देदा', म्हणजे जॉर्जियाची आई. उंची 20 मीटर. एका हातात पाहुण्यासाठी द्राक्षारसाचा वाडगा, दुसऱ्या हातात शत्रूसाठी तलवार. 1958 साली शहराला 1500 वर्षं झाली, तेव्हा ती उभारली. अमाशुकेली 1928 चा, म्हणजे तेव्हा तिशीतला तरुण. आधीची मूर्ती चक्क लाकडाची होती. अ‍ॅल्युमिनियम नंतर आलं, आणि नव्वदच्या दशकात तिच्या जागी पुन्हा नवी मूर्ती बसवली. म्हणजे तू रोज बघतेस ती पहिली नव्हेच.

पण मला विचारशील तर त्याचं खरं मोठं काम नदीपलीकडे आहे. मेतेखीच्या चर्चपुढे, कड्याच्या अगदी टोकाला, त्याने 1967 साली राजा वाख्तांग गोर्गासाली घोड्यावर बसवला. शहर वसवल्याचा मान लोक याच राजाला देतात. घोडा म्हटला की शिल्पकाराला तो दोन पायांवर उधळवायचा मोह होतो. इथे घोडा शांत उभा आहे, अंग जड, ठोकळ्यासारखं, बारीकसारीक नक्षीत न अडकलेलं. खालचा खडक संपतो कुठे आणि शिल्प सुरू होतं कुठे, हे फोटोत शोधताना माझा अख्खा तास जातो. इतकं कमी कोरून इतका राजेपणा उभा करणं फार थोड्यांना जमतं.

पिरोस्मानी या गरीब चित्रकाराचा पुतळाही त्याचाच. दारूच्या गुत्त्यांच्या पाट्या रंगवून पोट भरणारा तो माणूस 1918 साली हलाखीत गेला. अमाशुकेलीने त्याला उंच चौथऱ्यावर रुबाबात उभा केला नाही. गुडघे टेकलेला, कोकरू कवेत घेतलेला दाखवला.

आधी मेतेखीला जा, मग रिके बागेतून रोपवेने वर. घोडा समोरून बघू नकोस, पुलावरून बाजूने बघ, आणि जमेल तसं पेन्सिलने काढून मला पाठव. फोटो नकोत, ते माझ्याकडे आहेत.

तुझे,
बाबा