नाक टोचलंय, आधी मीच सांगते

हुबळी

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

बाबा, हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवू नका, पडवीत कोणी ना कोणी बसलेलं असतं. आपापलं वाचा. मी नाक टोचून घेतलंय. डाव्या बाजूला मोहरीएवढी चमकी आहे. शुक्रवारी खानापूरला येईन तेव्हा चर्चच्या मंडळीतलं कोणीतरी तुमच्या आधी बघणार, म्हणून लिहिते. आधी विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि तुमचं नको मला मोडवत नाही.

घाबरू नका. सोनाराकडे नाही, त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. टोचायची बंदूक वापरली नाही, नव्या सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडलं. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याने पुसते, उगाच हात लावत नाही. पूर्ण भरायला चार-सहा महिने लागतात म्हणे. जेवणाचीही काळजी नको, मालकीणबाई रोज ज्वारीची भाकरी देतात. आई, तुझ्यासारखी पातळ नसते, पण गरम असते.

बाबा, तुम्ही बायबलातलं पहिलं पेत्र, तिसरा अध्याय काढाल. सोनं घालणं ही खरी शोभा नव्हे, कबूल. पण केस गुंफणंही त्याच ओळीत आहे, आणि आई जन्मभर वेणी घालून उपासनेला येते. लेवीय १९ मधली मनाई मेलेल्यांसाठी अंगावर वार करून घेण्याची आहे. आणि रिबका? अब्राहामाच्या सेवकाने तिला अर्धा शेकेल वजनाची सोन्याची नथ दिली आणि मग देवाला नमन केलं. याकोबाने शखेमजवळ झाडाखाली कुंडलं पुरली, तेही मी विसरले नाही. पण त्या कुंडलांबरोबर परक्या देवांच्या मूर्ती होत्या. पूजेच्या सोन्याच्या वासरासाठी कुंडलं उतरवली ती इस्राएल लोकांनी, आणि देवाच्या निवासमंडपासाठी कुंडलं आणून दिली तीही त्यांनीच. दोष भोकाचा होता असं मला तरी कुठे दिसत नाही. आपल्या मेथडिस्ट पंथाच्या वेस्लीसाहेबांनी १७४३ च्या नियमांत सोनं आणि महागडा पोशाख नको म्हटलं, पण त्यांचा राग घमेंडीवर आणि गरिबाच्या तोंडचा पैसा अंगावर मिरवण्यावर होता. माझी चमकी सर्जिकल स्टीलची आहे. सोन्याचा कण नाही.

आणि आजी? पहिल्या बाकावर बसायची आणि कानाच्या वरच्या पाळीला बुगडीची भोकं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून त्यात काडी घालायचा प्रयत्न करायचे, ती हात झटकायची आणि हसायची. बुगड्या कशासाठी मोडल्या ते मी सांगायला नको, बाबा. आजीला कधी कोणी वचन काढून दाखवलं नाही. तुम्हीही नाही.

मावशीकडच्या लग्नात झालं तसं पुन्हा नको, म्हणून एवढं लांबण लावलं. पाळकसाहेबांनी काही विचारलं तर तुम्ही उत्तर देत बसू नका, माझ्याकडे पाठवा. कोणी 'हिंदू झाली का' म्हणालं तर आई, तू तिथून सरळ उठून ये. रडू नकोस गं. तुला फारच खुपलं तर घरी असेपर्यंत खालमानेनं वावरेन, पण काढणार नाही. आत्ता काढली तर भोक बुजेल.

आता माझं ऐका. बाबा, साखरेची गोळी नाश्त्याआधीची आहे, आठवण आली की घ्यायची नाही. कुंद्याचा डबा मी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला होता, तो खाली कसा आला तेही कळलंय. आई, पावसात अंगणातल्या शेवाळावरून न्हाणीत जाऊ नकोस, रबरी चटई पाठवली आहे ती ट्रंकेत जपून ठेवायची नाही, अंथरायची. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर शेजारच्या पोराला आणायला सांग, मी पैसे दिलेत त्याला.

शुक्रवारी गाडी उशिरा पोचते. स्टेशनवर यायचं नाही. मी रिक्षाने येईन.

तुमची,
बेबी