एफडी मोडू नका, बाबा

कॉव्हेंट्री,
15 फेब्रुवारी 2026

ती. आई-बाबा,
सा. न.

आज महाशिवरात्र. आई पहाटेच हरिपूरला संगमेश्वराचं दर्शन घेऊन आली असेल, आणि बाबा उपासाच्या नावाखाली नेहमीपेक्षा जास्त जेवले असतील. इथे समीरने रताळी उकडली आहेत. ओवीला उपास कळत नाही, रताळी आवडतात.

बाबा, परवा फोनवर तुम्ही माझ्या नव्या गाडीसाठी एफडी मोडून पैसे पाठवायचा विषय काढलात. फोनवर तुम्ही दोन वाक्यांत निकाल लावून मोकळे होता, आणि मागून आईचं "पाठवून द्या हो, पोरीची अडचण आहे" सुरू होतं. मग माझं म्हणणं राहूनच जातं. म्हणून हे पत्र. एसटीच्या वर्कशॉपात उभा जन्म जॉबकार्डं भरलेल्या माणसाला हिशेब कागदावरच दाखवलेला बरा.

आधी तुमच्या सकाळच्या ग्रुपवर फिरलेला तो मेसेज. "लंडनमध्ये अपंगांना सरकार फुकट बीएमडब्ल्यू देतं." फुकट नाही हो. या योजनेचं नाव मोटॅबिलिटी, भत्ता देऊन गाडी भाड्याने घ्यायची. मला 'पिप' नावाचा अपंगत्वाचा जो भत्ता मिळतो त्याचे दोन भाग आहेत. एक रोजच्या कामांसाठी, दुसरा चालण्या-फिरण्यासाठी. फिरण्याच्या भागाचा वरचा दर सध्या आठवड्याला 77 पौंड 5 पेन्स आहे. तो अख्खा मी गाडीला देते, म्हणजे तो माझ्या हातात येतच नाही, परस्पर तिकडे वळतो. वर्षाचे चार हजार, तीन वर्षांचे बारा हजार पौंड. एप्रिलमध्ये महागाईप्रमाणे भत्ता थोडा वाढेल, तोही तिकडेच जाईल. तीन वर्षांनी गाडी परत करायची. माझ्या नावावर कधीच काही होत नाही. नीट सांभाळून दिली तर थोडा बोनस देतात, एवढंच.

त्या बदल्यात विमा, सर्व्हिसिंग, टायर, रस्त्यात बंद पडली तर मदत, सगळं त्यांचं. मी फक्त पेट्रोल भरायचं. ही सोय मोठी आहे, ते मान्यच. बाहेर माझ्या आजाराचं नाव सांगून विमा काढायला गेलं की काय होतं ते इथल्या आमच्या एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचा आजार) मंडळींकडून ऐकलंय मी.

आता महाग कुठे झालं ते सांगते. भत्त्यात बसणार नाही अशी गाडी हवी असेल तर सुरुवातीला एकरकमी आगाऊ पैसे भरावे लागतात, आणि ते परत मिळत नाहीत. 2023 मध्ये आपण, म्हणजे मी आणि समीरने, 1,099 पौंड भरले होते. त्याच मापाच्या ऑटोमॅटिक गाडीला आता डीलरने 2,300 सांगितले. आणि ते करापूर्वीचे. नोव्हेंबरच्या बजेटमध्ये इथल्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज बाईंनी जाहीर केलं की 1 जुलै 2026 पासून नव्या करारांच्या या आगाऊ रकमेवर 20 टक्के व्हॅट लागणार, आणि विम्यावरचा 12 टक्के कर, जो आजवर या योजनेला माफ होता, तोही लागणार. जुन्या करारांना धक्का नाही. पण माझा करार सप्टेंबरात संपतो.

म्हणजे 2,300 वर 460, झाले 2,760. रुपयांत सव्वातीन लाखांच्या पुढे. विम्याचा कर वेगळा. तो भाड्यात शिरेल, भत्ता तर तेवढाच आहे, मग तो फरकही शेवटी आगाऊ रकमेतच येऊन बसणार. हाच आकडा मी आईला सांगितला, आणि तुम्ही एफडीची पावती शोधायला कपाट उघडलंत.

बाईंचं म्हणणं असं की योजना गरजूंसाठी आहे, मर्सिडीजचं भाडं सरकारने का भरायचं? ऐकायला पटतं. बजेटच्या आदल्या दिवशी योजना चालवणाऱ्या कंपनीने बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, आउडी, लेक्सस, अल्फा रोमिओ यादीतून काढूनही टाकल्या. मला काय त्याचं, मी कुठे त्या घेणार होते. पण व्हॅट काही मर्सिडीजवर लावलेला नाही, तो माझ्यासारखीच्या छोट्या ऑटोमॅटिकवर लागला. व्हीलचेअर किंवा स्ट्रेचरसाठी कायमची बदलून घेतलेल्या गाड्यांना सूट आहे. मी अजून काठीवर आहे, त्यामुळे मला नाही. म्हटलं तर ही आनंदाचीच गोष्ट!

बाबा, तुम्ही विचाराल, "पण कर सोड, मूळ आकडा दुप्पट का झाला?" याचं उत्तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल, कारण सगळा खेळ घसाऱ्याचा आहे. गाडी नवी घेताना काय पडली आणि तीन वर्षांनी विकून किती येणार, यातला फरक म्हणजे भाडं, अधिक विमा, अधिक व्याज. ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या दर पाच नव्या गाड्यांतली साधारण एक या योजनेसाठी घेतली जाते, इतका यांचा पसारा. कोविडनंतर चिप मिळेनात, नव्या गाड्या अडल्या, तेव्हा जुन्यांना सोन्याचा भाव आला आणि यांची चंगळ झाली. मग तोच वारा उलटा फिरला. वापरलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांचे भाव धाडकन खाली आले, आणि अंदाज धरून भाडं ठरवलेल्या गाड्या परत येऊन दारात उभ्या राहिल्या. त्यात नव्या गाड्यांच्या किमती, व्याजदर आणि दुरुस्तीची मजुरी, तिन्ही चढलेले. बंपरमध्ये सेन्सर आल्यापासून साधा ठोका बसला तरी बिल बघून चक्कर येते. तुमच्या वेळी हातोडीने सरळ करत होतात ना?

यावर तुम्ही "मग साधी गियरची घे, स्वस्त पडेल" म्हणणार, हे मी इथे बसून ऐकू शकते. डावा पाय क्लचवर ठेवायचा तर आधी तो जागेवर यायला हवा. आता माझं गाडीत बसणं असं आहे: आधी पाठ करून सीटवर टेकायचं, मग उजवा पाय आत, मग गुडघ्याजवळ पँटचं कापड मुठीत धरून डावा पाय उचलून आत आणायचा. म्हणून सीटची उंची महत्त्वाची. फार खाली असेल तर उठता येत नाही, फार वर असेल तर टेकता येत नाही. शोरूममध्ये मी टेप घेऊन गेले होते, सेल्समन पोरगा इंजिनबद्दल बोलत होता आणि मी जमिनीपासून सीट मोजत होते. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने चालतो, पुढे ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. स्टिअरिंगवर दाराच्या मुठीसारखा एक गोळा बसवलेला असतो, एका हाताने फिरवायला. करार सुरू होतानाच सांगितलं तर ही हातची यंत्रं बहुतेक जादा पैसे न घेता बसवून देतात. ऑटोमॅटिक ही माझी हौस नाही, आणि स्वस्तातल्या गाड्यांत ऑटोमॅटिक क्वचितच असते.

इलेक्ट्रिकचं आई विचारत होती. त्यांना आगाऊ रक्कम बऱ्याचदा कमी असते, तेवढं खरं. पण आमचं घर ओळीतलं, दारात गाडी लावायला स्वतःची जागा नाही, त्यामुळे घरचा चार्जर बसत नाही. घरच्या विजेवर व्हॅट 5 टक्के, रस्त्यावरच्या चार्जरवर 20. शिवाय ती जाड केबल जानेवारीच्या गारठ्यात एका हाताने ओढायची, दुसऱ्या हातात काठी. 2028 च्या एप्रिलपासून इलेक्ट्रिकला मैलामागे 3 पेन्सचा करही येणार आहे. सध्या नको.

राहिला तुमचा लाडका मार्ग, योजना सोडायची, भत्ता रोख घ्यायचा आणि चांगली जुनी गाडी बघायची. दर चार आठवड्यांना 308 पौंड हातात येतील. रोड टॅक्स माझ्या गाडीला तसाही माफ. मी आणि समीरने हे कागदावर मांडून पाहिलं. विमा, सर्व्हिसिंग, टायर, हातच्या यंत्रांचा खर्च धरला की पहिल्या वर्षी जवळजवळ बरोबरी होते, दुसऱ्या वर्षी गिअरबॉक्सने दगा दिला की संपलं. तुम्ही इथे असता, बॉनेटवर कान ठेवून "ही घेऊ नको" म्हणाला असतात, तर मी हा धोका पत्करला असता. समीरला गाडीचं एवढंच कळतं की ती निळी आहे.

निळ्यावरून आठवलं. तुम्हाला आवडेल म्हणून सांगते. ही योजना 1977 ची. त्याआधी इथलं सरकार अपंगांना चक्क स्वतःची गाडी द्यायचं, इन्व्हाकार. तीन चाकं, फायबरची बॉडी, फिकट निळा रंग, लांबून ओळखू यावी अशी. आत एकच सीट. म्हणजे अपंग माणसाला बायको-पोरं असू शकतात हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं! ती वाऱ्यात हेलकावे खायची, आगही लागायची. 2003 मध्ये त्या कायमच्या रस्त्यावरून काढल्या. आपल्याकडे स्कूटरला मागे दोन जादा चाकं जोडून बायकोला मागे, पोराला पुढे घेऊन फिरतात ना, त्यात निदान घरचे तरी बसतात. म्हणूनच इथे नेहमीच्या चारचाकीत बसायला मिळणं म्हणजे काय, हे जुन्या लोकांना विचारावं. आमच्या गटातल्या एक आजी सांगतात, पहिल्यांदा नवऱ्याला शेजारी बसवलं तेव्हा दोघं उगाचच बर्मिंगहॅमपर्यंत जाऊन आले.

बसचं म्हणाल तर तिकडे एसटीत दिव्यांगांना 75 टक्के सवलत, इथे पूर्ण फुकट. पण कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर. माझं ऑफिस वॉरिकला आणि नऊला हजर. भत्ता नोकरी असो-नसो मिळतो, पण गाडी नसेल तर नोकरी राहील का, ते मी सांगू शकत नाही.

म्हणून असं ठरवलंय. एक माप लहान ऑटोमॅटिक घ्यायची. तिला 1,000 आगाऊ आहेत, व्हॅट धरून 1,200. विम्याच्या कराचं कळेल तेव्हा कळेल, पण तेवढं आमच्याकडे आहे. सीट माझ्या मापात बसते, मी मोजलंय. डिकी लहान आहे, ओवीची सायकल आत जाणार नाही. मग ती कॅरियरवर. मागच्या सीटवर तुम्ही दोघं आरामात बसाल, पण आईच्या तीन बॅगा बसणार नाहीत. यंदा याल तेव्हा मसाल्याचे डबे निम्मे करा. योजनेची धर्मादाय संस्था अशा रकमेसाठी मदतही करते, पण ती उत्पन्न बघून. आमच्या दोन पगारांत ते मिळणार नाही आणि मागायला नकोच, ज्यांना खरंच गरज आहे त्यांना मिळू दे.

पैशापेक्षा मला काळजी वेगळीच आहे, ती तुम्हाला आजवर सांगितली नव्हती. भत्त्याची फेरतपासणी पुढच्या वर्षी आहे. वरचा दर मिळायला 12 गुण लागतात, आणि खरा प्रश्न असतो 20 मीटर चालता येतं का. एमएसमध्ये सोमवारी येतं, गुरुवारी येत नाही. तपासणारा सोमवारी भेटला तर? गुण कमी झाले की भत्ता खाली, आणि गाडी परत. शेजारचे काका पेन्शनचं वय झाल्यावर आजारी पडले, त्यांना तर फिरण्याचा भाग मागताच येत नाही. त्या वयात मिळणाऱ्या भत्त्यात तो ठेवलेलाच नाही. पाय तेच, दुखणं तेच, फक्त उशिरा आलं. हा नियम मला कुणी समजावून देईल तर ऐकायचंय.

मी रोजची नोंद ठेवायला लागलेय, कुठल्या दिवशी किती चालले, कुठे थांबले. न्यूरॉलॉजीच्या नर्सने तसं सुचवलंय. तेव्हा त्याचीही काळजी करू नका. करालच म्हणा.

एफडी मार्चमध्ये पिकते ना? नूतनीकरण करून टाका. आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन उन्हाळ्याआधी उरकायचं ठरलं होतं, ते पुन्हा "बघू" वर गेलंय असं ताईकडून कळलं. मिरजेला तारीख घ्या आणि मला लगेच कळवा, मी त्या आठवड्यात घरूनच काम घेईन, म्हणजे तुमच्या वेळेला फोनवर असेन. आणि बाबा, एक तांत्रिक शंका: या लहान गाडीत सीव्हीटी प्रकारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. डीलर म्हणतो काही होत नाही. तुमचं मत हवंय. व्हॉइस मेसेज चालेल, पण ग्रुपवर नको, मला पाठवा.

तुमची,
मीनू